मागे कोणी बसत नाही

दोन हजार बावीस सालची ही गोष्ट. त्या वर्षी वीस मार्च रविवारी आला होता, आणि गिरजाबाई त्या रविवारची वाट दोन वर्षांपासून बघत होत्या. वीस मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर गेल्या नाहीत अशी वर्षं त्यांच्या आयुष्यात फार थोडी. एकदा चंद्रशेखरच्या वेळी बाळंतीण होत्या म्हणून, एकदा नवरा सिताराम दवाखान्यात होता म्हणून. आणि मग करोनाने सलग दोन मार्च गिळले. एकोणीसशे सत्तावीसच्या सत्याग्रहाच्या वेळी त्यांचे वडील मिसरूड न फुटलेलं पोर होते, मोठ्यांच्या मागे माणगावाकडून चालत तळ्यावर गेले होते आणि ओंजळभर पाणी प्याले होते. पुढे त्यांनी लेकीला दर वर्षी हाताला धरून नेलं. ते गेल्यावर गिरजाबाई स्वतःच्या पायांनी जाऊ लागल्या. आता वय ऐंशीला टेकलं होतं, गुडघे रोज वेगळी तक्रार करत होते. पुढे किती मार्च वाट्याला येतील ते सांगता येत नव्हतं, पण हा एक त्यांना कोणाच्याही हातून वाया जाऊ द्यायचा नव्हता.

तो वाया घालवायची पुरेपूर तयारी त्यांच्या नातवाने केली होती.

नातू म्हणजे आकाश, चंद्रशेखरचा मुलगा. घर घणसोलीला, नोकरी महापेच्या आयटी पार्कात. मधे ठाणे-बेलापूर रस्ता, तो ओलांडला की महापे. एवढ्याशा जाण्यायेण्यासाठी या मुलाने स्पोर्ट्स कार घेतली होती. सेकंडहँड, लाल, दोन दारांची. मागची सीट होती, पण तिच्यात माणसाने बसावं असं ती शिवणाऱ्याच्याही मनात नसावं. पुढची सीट पाडायची, कंबरेत वाकायचं, आधी डोकं घालायचं, मग एकेक पाय आत ओढून घ्यायचा. गिरजाबाईंनी एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "यात माणसं बसवतात का कपडे कोंबतात?"

सिग्नलला ती गाडी गुरगुरायची. सोसायटीतली लहान मुलं टाळ्या वाजवायची. म्हातारे गॅलरीतून शिव्या घालायचे. आकाशला दोन्ही सारखंच आवडायचं.

एवढं असूनही त्याच्या जिवाला घोर होता. घोर कसला, तर गाडी उंच दिसते. दर रविवारी सकाळी पाम बीच रोडला अशाच गाड्यांची पोरं जमत, एकमेकांची बॉनेटं उघडून बघत आणि कौतुक करत. तिथे कोणीतरी आकाशला विचारलं होतं, "काय रे, जीप घेतलीस का?" तेव्हापासून त्याचं जेवणात लक्ष नव्हतं.

"आजी, बघ ना," एकदा तो त्यांना मुद्दाम खाली पार्किंगमध्ये घेऊन गेला. "चाक आणि मडगार्डच्या मधे माझा अख्खा पंजा जातो."

"मग बरं हाय की. चाक नीट धुता येतं."

"तसं नाय गं! दिसतं कसं ते! बैलगाडी वाटते."

"बैलगाडीत बसलायस कधी?"

"आजी, प्लीज. यावर उपाय आहे. स्प्रिंगा बदलायच्या. मूळच्या काढायच्या, बुटक्या घालायच्या. गाडी खाली येते. एकदम रस्त्याला चिकटते."

गिरजाबाईंनी गाडीकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं. त्यांना गोटीरामची टॅक्सी आठवली. गोटीराम म्हणजे सितारामचा चुलतभाऊ, त्याची काळीपिवळी फियाट होती. वीस मार्चला तो धंदा बंद ठेवायचा आणि सगळं खटलं त्या टॅक्सीत घालून महाडला न्यायचा. पुढे तिघं, मागे मोजायची सोय नाही, मांडीवर पोरं, पोरांच्या मांडीवर डबे. गाडीचा मागचा भाग असा खाली बसायचा की पुढचे दिवे आभाळाकडे बघत. आठवडा आधी गोटीराम गाडीखाली शिरायचा आणि स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये लाकडाचे गुटके ठोकायचा. का, तर गाडी दोन बोटं वर राहावी, माणसं घेऊन खड्ड्यातून सुखरूप निघावी. तेव्हा बसलेली गाडी म्हणजे घरची परिस्थिती बसली असं लोक समजत. गोटीराम कोणी बघू नये म्हणून गुटके ठोकायचा. आणि हा त्याच घरातला मुलगा चांगली उभी गाडी खाली बसवायला निघाला होता, तेही मिरवून.

"त्याची हौस आहे, आई," चंद्रशेखर म्हणाला. हा चंद्रशेखर सरकारी कचेरीत हेडक्लार्क होऊन निवृत्त झाला. नोकरीत असताना एक टाचणी जास्त मागितली तर कारण विचारणारा माणूस. पण मुलापुढे त्याचं सगळं कायदेशीर डोकं पातळ होई. मुलगा जे बोलेल त्याचा सोप्या मराठीत अनुवाद करून आईला सांगणे, एवढंच काम त्याने स्वतःकडे ठेवलं होतं.

फेब्रुवारीत शेजारच्या बिल्डिंगमधली शकुबाई आली. शकुबाई गिरजाबाईंच्या माहेरच्या बाजूची, लहानपणापासूनची. दोघींनी एकमेकींना नावं ठेवण्यात साठ-सत्तर वर्षं घालवली होती.

"गिरजे, मंडळाची बस ठरली. तुझं नाव घालू ना?"

आता गिरजाबाईंनी हो म्हणायला काही हरकत नव्हती. पण त्या बसमधला सगळा थाट त्यांना पाठ होता. पुढच्या सीटवरून भांडण, पेणपर्यंत गाणी, पेणनंतर लिंबं हुंगणाऱ्या बायका, आणि वडखळला एकीला लघवीला उतरवली की सगळ्या उतरणार. शिवाय घरात गाडी असताना बसने जायचं?

"नको," त्या म्हणाल्या. "माजा नातू नेनार हाय. त्याच्या गाडीनं."

"ती लाल?"

"तीच."

"बरं बाई," शकुबाई पदर सावरत उठली. "आमाला आपली बस. मोठ्या लोकांच्या गाडीत आमचा जीव गुदमरायचा."

ते शब्द गिरजाबाईंना आवडले. खोटं कशाला सांगायचं, त्या दिवशी त्यांना नातवाचा आणि त्या लाल डब्याचा जरासा अभिमानही वाटला.

तो आठवडाही टिकला नाही. गुडघ्यांच्या डॉक्टरकडून परत आणताना आकाशने गाडी घराकडे न वळवता महापेच्या एमआयडीसीत घातली. "आजी, पाच मिनिटांचं काम आहे," म्हणाला. केमिकलच्या वासाच्या गल्लीत एक गाळा होता, बाहेरून पत्र्याचा, आत काचेची एसी केबिन. गिरजाबाईंना तिथल्या सोफ्यावर बसवण्यात आलं. समोरच्या भिंतीवर स्प्रिंगा टांगल्या होत्या, लाल, निळ्या, पिवळ्या. बांगड्यांच्या दुकानात बसल्यासारखं त्यांना वाटलं.

दुकानदाराचं नाव श्यामसुंदर. दाढी कात्रीने आखून काढलेली, मनगटात तीन दोरे, बोलणं तेल लावलेलं. हा माणूस गाड्यांचं काय जाणत होता देव जाणे, पण गिऱ्हाइकाचा चेहरा त्याला बरोबर वाचता येत होता.

"डेली यूज आहे ना सर?" त्याने विचारलं. "मग ही बघा. वीस मिलिमीटर ड्रॉप. सुरुवातीला नरम, दाबली की कडक होत जाते. रोजच्या रस्त्याला बेस्ट. गाडी थोडी बसते, पाठ पण मोडत नाही."

आकाशचा चेहरा पडला. "वीसने फरक दिसतो का पण?"

"दिसत नाही," श्यामसुंदर तात्काळ म्हणाला. "खरं सांगू का सर, वीस म्हणजे अंकल लोकांसाठी. ही तीसची बघा."

"आणि ती?"

"चाळीस?" श्यामसुंदरने लाल स्प्रिंग भिंतीवरून अशी उतरवली जशी साडीवाला शेवटची पैठणी उतरवतो. "ही घातली की चाकावर बोट जात नाही सर. पूर्ण नवी मुंबईत अशी तुमची एकच राहील. मग कोण जीप म्हणतंय बघू."

"स्पीडब्रेकरला लागेल का?"

"तिरकी काढायची. सवय होते. एकच विचारतो सर, मागे कोण बसतं का? वजन पडलं तर मागचं चाक घासू शकतं, म्हणून."

"नाही," आकाश म्हणाला. "मागे कोणी बसत नाही. मी एकटाच असतो."

गिरजाबाई सोफ्यावर जराशा पुढे सरकल्या. "मग मी आत्ता कशात बसून आले?"

"आजी, तू पुढे बसलीस."

"आन् वीस तारखेला तुजा बाप आन् दीक्षा कुठं बसनार? टपावर?"

दीक्षा म्हणजे आकाशचं लग्न ठरलं होतं ती मुलगी. नेरुळची, बँकेत नोकरी करणारी. तीही महाडला येणार होती.

"ते एका दिवसाचं आहे गं! एका दिवसासाठी वर्षभर उंच गाडी चालवू का? आणि सगळा हायवेच आहे. हायवेला गाडी जितकी खाली तितकी चांगली चालते. मॅपवर बघितलंय मी, रेघ एकदम सरळ आहे."

गिरजाबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. हायवे म्हटलं की या मुलाच्या डोळ्यांसमोर लोणावळ्याला जायचा एक्सप्रेसवे येत होता, हे त्यांना त्या क्षणी कळलं. मूळ गाव माणगाव तालुक्यात, आणि गोव्याच्या हायवेवर या नातूसाहेबांनी स्वतःच्या हाताने कधी गाडी चालवलीच नव्हती. लहानपणी बापाच्या गाडीत मागे झोपून गेला असेल तेवढाच. तो रस्ता गिरजाबाईंच्या मणक्यांत होता. पळस्प्यापासून पुढचा प्रत्येक खड्डा त्यांना माहेरच्या माणसासारखा ओळखीचा होता. कित्येक वर्षं रुंद होतोय, होतोय, आणि व्हायचा काही थांबत नाही असा तो रस्ता.

"अरे, तो रस्ता तसा नाय. तितं डायवर्शन हायेत."

"आजी, टेन्शन नको घेऊ. चौपदरी झालाय तो."

"आजींना माल आवडला नाही वाटतं," श्यामसुंदर हसत म्हणाला.

"माल चांगला हाय," गिरजाबाई म्हणाल्या. "बसनारं माणूस धरलं नाय तुमी, तेवढंच. भांडी आनायची तर घरात किती तोंडं हायेत ते तरी विचारतात."

श्यामसुंदर आणखी मोठ्याने हसला. आकाश हसला नाही, पण त्याचा हात त्या लाल स्प्रिंगवरून निघालाही नाही. चाळीसच ठरल्या. मूळच्या स्प्रिंगा घरी नेणार का, असं विचारल्यावर म्हणाला, "काय करायच्यात? ठेवा तुमच्याकडे."

परत येताना गिरजाबाईंच्या कानात ते एकच वाक्य फिरत होतं. मागे कोणी बसत नाही. किती सहज म्हणाला. त्यांच्या घरात आजवर एकही वाहन असं नव्हतं की ज्यात मागे कोणी बसत नव्हतं. सितारामच्या सायकलला कॅरियर होतं, त्यावर त्या स्वतः बसल्या होत्या, कुशीत चंद्रशेखर. घणसोलीत तेव्हा दिवेसुद्धा नव्हते.

स्प्रिंगा बसल्या. गाडी खाली आली. चाकावर खरोखरच बोट जात नव्हतं. आकाशने चारी बाजूंनी फोटो काढले, ग्रुपवर टाकले, त्यावर आगीची चित्रं आली आणि तो धन्य झाला. मग सुरू झालं त्याचं रोजचं जगणं. सोसायटीच्या गेटपाशी स्पीडब्रेकर होता. तो ओलांडताना आकाश गाडी आडवी करायचा, एक चाक चढवायचा, थांबायचा, दुसरं चढवायचा. मागे स्कूल बस हॉर्न वाजवत उभी. वॉचमन दोन्ही हातांनी त्याला विमान उतरवल्यासारखा आत घ्यायचा. महापेला जायचा सरळ रस्ता त्याने सोडला, कारण त्यावर पालिकेने नवा उंचवटा केला होता. आता तो कोपरखैरण्याकडून वळसा घालून जायचा आणि चालत येणाऱ्या कारकुनांच्या नंतर ऑफिसात पोचायचा. रस्त्याला चिकटलेली गाडी होती ती, पण रस्त्यानेच तिच्याशी वैर धरलं होतं. रात्री कंबरेला मलम चोळून घेताना म्हणायचा, "थोडी हार्ड आहे, पण फील येतो."

"येनारच," गिरजाबाई म्हणायच्या. "आमाला टँकरच्या लायनीत पन यायचा."

वीस मार्च उजाडला. गिरजाबाईंनी पांढरं पातळ नेसलं, चंद्रशेखरने नवा पांढरा शर्ट घातला. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून घेतली होती. तो डबा बघताच आकाश किंचाळला.

"आजी, सुकट नाही! सीटला वास बसेल. लेदर आहे."

"मेलेल्या जनावराला माशाचा वास चालत नाय का?"

डबा डिकीत गेला. गिरजाबाई पुढे बसल्या, म्हणजे त्यांना पुढे ओतण्यात आलं. मागे चंद्रशेखर, आपल्या निवृत्तीच्या पोटासह. नेरुळला दीक्षा चढली. चढताना हसत होती. मंडळाची बस निघायच्या बऱ्याच आधी ही लाल गाडी रस्त्याला लागली होती, आणि शकुबाईच्या बिल्डिंगसमोरून जाताना गिरजाबाईंनी आकाशला हॉर्न वाजवायला सांगितला. तोही त्याने वाजवला.

पळस्प्यापर्यंत ठीक होतं. पुढे पहिला खड्डा आला आणि मागून 'खर्र' असा आवाज आला.

"काय झालं?" दीक्षाने विचारलं.

"काही नाही, टायर जरा घासतोय." आकाश आरशात बघत होता. "पप्पा, तुम्ही थोडं मधे सरकता का?"

"मधे कुठे? मधे दीक्षाची पर्स आहे."

पेणच्या अलीकडच्या एका गावात स्पीडब्रेकर आला. गावच्या पंचायतीने मनापासून बांधलेला. आकाशने गाडी थांबवली, खाली उतरला, वाकून बघितलं आणि परत आला. "पप्पा, दीक्षा, जरा उतरता का? फक्त एवढा."

फक्त एवढा झाला. मग तो दुसरा झाला. मग गावागणिक सुरू झालं. गाडी थांबायची, पुढची सीट पडायची, आधी दीक्षा बाहेर यायची, मग हेडक्लार्कसाहेब उलटे, पाय आधी. दोघं पांढऱ्या कपड्यांत धुळीतून चालत जायची, गाडी तिरकी तिरकी जायची, आणि पलीकडे पुन्हा कोंबाकोंब. होळीचा रंग अजून न गेलेली पोरं एका पारावर बसली होती. त्यांनी ही वरात पाहून विचारलं, "काका, धक्का पाहिजे का?"

पहिल्या तीन वेळा दीक्षा हसली. वडखळनंतर हसली नाही.

"आकाश," ती मागून म्हणाली, "आपल्या लग्नानंतर आई-बाबांना कुठे न्यायचं झालं तर?"

"तेव्हा कॅब करू ना."

"आणि मूल झालं तर?"

आकाशने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, कारण समोर खड्डा होता. तसं निदान त्याने दाखवलं.

गिरजाबाईंचं लक्ष उन्हाकडे होतं. ऊन चढत होतं, महाड अजून लांब होतं. एरवी या वेळेला त्या माणगाव ओलांडून जात. आपल्या घरच्या पोराच्या हातून हा मार्च जातोय, हे त्यांना दिसत होतं, आणि करोनाने नेला असता तर इतका राग आला नसता.

कोलाडच्या पुढे डायव्हर्शन आलं. नव्या पुलाचं काम अर्धवट होतं, डांबरी रस्ता एकाएकी संपून खडीच्या उतारावर पडत होता आणि पलीकडे तसाच वर चढत होता. ट्रक जात होते, एसटी जात होती, एक पोऱ्या म्हशीसुद्धा घेऊन गेला. आकाश उतरला. गुडघ्यावर बसला, गाल रस्त्याला टेकवून बघितलं. मग गिरजाबाईंच्या खिडकीपाशी आला.

"आजी, आता तुलापण उतरावं लागेल. फक्त एवढा पॅच."

"मी उतरले तर परत बसनार नाय. आत्ताच सांगते."

"अगं, असं काय करतेस? पलीकडे गेलो की बस ना!"

"सांगितलं ना. उतरवतोस?"

चंद्रशेखर काहीतरी बोलायला गेला. या वेळी त्याला अनुवाद सुचला नाही. आकाशने एकदा आजीकडे पाहिलं, एकदा उताराकडे. मग दार उघडलं.

दीक्षाने हात दिला. गुडघे कुरकुरले, पण गिरजाबाई उतरल्या आणि दगडांच्या ढिगाला टेकून उभ्या राहिल्या. रिकामी गाडी, जशी तिच्या मालकाला आवडत होती अगदी तशी, एकटा माणूस घेऊन उताराला लागली. तिरकी गेली. थांबली. जराशी पुढे गेली. मग खालून असा आवाज आला जसं कोणी पातेलं दगडावर आपटावं. गाडी थांबली ती थांबलीच. खडीवरून काळं तेल ओघळायला लागलं.

"ऑइलचा चेंबर फुटला," आकाश म्हणाला. पांढऱ्या कुडत्यातच तो खाली झोपला होता. "पप्पा, चेंबर गेला!"

चंद्रशेखर मदतीला वाकला आणि नव्या शर्टावर तेलाचा पंजा घेऊन उठला. पनवेलहून गाडी उचलून नेणारा ट्रक बोलावला, तो म्हणाला दुपार होईल. दुसरी कॅब मिळेना, एक तर रविवार, त्यातून होळीला जोडून आलेल्या सुट्ट्या. आकाश एकामागून एक फोन करत होता. त्या सगळ्या फोनांत आजी उन्हात उभी आहे हे एकदाही आलं नाही.

तेवढ्यात मागून कर्कश हॉर्न आला. निळे झेंडे लावलेली, धुळीने माखलेली, उंचच उंच बस डुलत डुलत आली आणि लाल गाडीमागे थांबली. खिडकीतून शकुबाईचं डोकं बाहेर आलं.

"जय भीम गं गिरजे! इतं काय करतेस? हवा खातेस?"

"जय भीम. आमी जरा थांबलो."

"सकाळी हॉर्न तर लई वाजत होता." शकुबाईने खाली पाहिलं. "अगं बाई! ती गाडी का ती? मला वाटलं रस्त्यावर कोनाचा पत्रा पडलाय."

बसभर बायका हसल्या. गिरजाबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. महिन्यापूर्वी त्यांनी या बसला नाक मुरडलं होतं, आणि ते शकुबाई मरेपर्यंत विसरणार नव्हती. एक शब्द न बोलता इथेच उभं राहावं असं त्यांना क्षणभर वाटलं. मग त्यांनी उन्हाकडे पाहिलं.

"जागा हाय का गं?"

"एकदम मागं हाय. शेवटची सीट. तितं कोनी बसत नाय, हाडं खिळखिळी होतात."

"मी बसते."

"आजी, थांब ना!" आकाश धावत आला. "मी करतो काहीतरी. त्या बसमध्ये तुला किती त्रास होईल!"

"डिकी उघड."

"काय?"

"डिकी उघड. माजा डबा दे."

त्याने डबा दिला. चार बायकांनी वरून ओढलं, दीक्षाने खालून रेटा दिला आणि गिरजाबाई बसमध्ये चढल्या. मागोमाग दीक्षाही वर चढली. पायरीवर उभी राहून म्हणाली, "मी आजींबरोबर जाते."

"तू पण?" आकाश म्हणाला. "मागच्या सीटवर?"

"सवय झालीय मला सकाळपासून."

बस खडीत उतरली तेव्हा शेवटच्या सीटवर दोघी हातभर उडाल्या. गिरजाबाईंचं डोकं दांडीला लागलं. पण बस चढली पलीकडे. माणगाव मागे पडलं, लोणेरे मागे पडलं. सुकटीचा डबा मागून पुढे आणि पुढून मागे फिरला आणि रिकामा होऊन परत आला. पुढच्या सीटवरून भांडण झालं. एकीला उतरवली तर सगळ्या उतरल्या. गिरजाबाई एका शब्दाने कुरकुरल्या नाहीत.

तळ्यावर पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. गर्दी इतकी की पायऱ्या दिसत नव्हत्या. दीक्षाने एका हाताला धरलं, शकुबाईने दुसऱ्या, आणि शकुबाई सगळा वेळ बोलत होती, "सांभाळ, तुला बुटकी गाडी उतरायची सवय, पायऱ्या उंच हायेत." गिरजाबाईंनी ऐकून घेतलं. पाण्याजवळ जाऊन त्या वाकल्या. ओंजळ भरली, ओठांना लावली. वडील जसे लावत तशी, डोळे मिटून. मग ओल्या हाताने दीक्षाच्या केसांवरून हात फिरवला. त्या पोरीला त्याचा अर्थ कळला असावा, कारण तिनेही वाकून ओंजळ भरली.

आकाश त्या वर्षी तळ्यावर पोचला नाही. तो आणि चंद्रशेखर तिन्हीसांजेपर्यंत त्या खडीपाशी बसून होते.

पुढचं थोडक्यात. गाडी श्यामसुंदरच्या गाळ्यात गेली. तिथे कळलं की मूळच्या स्प्रिंगा त्याने कधीच दुसऱ्या कोणाला घालून टाकल्या होत्या. तशाच दुसऱ्या शोधून बसवून घेतल्यावर आकाशने ती गाडी द्रोणागिरीच्या एका कंटेनरवाल्याच्या मुलाला विकली. त्या मुलाने पहिल्याच दिवशी विचारलं म्हणे, ही खाली नाही का करता येणार?

श्यामसुंदरने तळोज्याला मोठं दुकान टाकलं. आता तो गाड्या उंच करून देतो. सध्या त्याची फॅशन आहे. दाढी तशीच आहे.

चंद्रशेखर मुलाच्या हौसेवर आता बोलत नाही. त्याच्या त्या शर्टाने घरातले पंखे पुसतात.

दीक्षाने आकाशशी लग्न केलं, पण वर्षभर थांबून. त्यांच्या मुलीचं नाव उन्नती. दर वीस मार्चला दीक्षा मंडळाच्या बसने जाते, मांडीवर उन्नती, शेजारी खिडकीत आकाश. बसमध्ये तो नाकाला रुमाल लावतो. सुकट मात्र खातो. स्वतःसाठी त्याने आता एवढी उंच गाडी घेतली आहे की आजीला चढायला खाली स्टूल ठेवावं लागतं. मध्यम असं काही त्याला आयुष्यात सापडायचं नाही.

शकुबाई चोवीस सालच्या थंडीत गेली. शेवटपर्यंत ती येणाऱ्या जाणाऱ्याला पत्र्याची गोष्ट सांगत होती, आणि दर वेळी तो पत्रा आधीपेक्षा पातळ होत होता. गिरजाबाई समोरच बसलेल्या असत, तिला थांबवत नसत.

गिरजाबाई आहेत. गुडघे गेले, कान शाबूत आहेत. मंडळाच्या बसमध्ये शकुबाईच्या खिडकीत बसा असं बायका सांगतात, पण त्या शेवटच्या सीटवर जाऊन बसतात. त्या चार लाल स्प्रिंगा श्यामसुंदरने खोक्यात घालून परत पाठवल्या होत्या. आकाशने त्या माळ्यावर टाकल्या. गिरजाबाईंनी एक उतरवून घेतली, घासूनपुसून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली आणि तिच्यावर पाण्याचा माठ ठेवला. माठ नीट बसतो, हलत नाही. तेवढी उंची त्याला पुरते.